धांदोटी सादर करावी

त्याही रविवारी वेलांटीरावांना एकही मत पडलं नाही. नुसतं मत पडलं नसतं तर त्यांनी ते गिळलं असतं. निवडणुकीत पडलेली माणसंही दुसऱ्या दिवशी दाढी करतातच. पण त्यांनी लिहिलेला अर्थ वाचता वाचता लेकीला ठसका लागला, शेजारचे दातांचे डॉक्टर कोचावरून घसरले आणि खुद्द त्यांची बायको डोळे पुसत म्हणाली, "पुरे गं बाई, पुढचं वाचू नकोस. बरगड्या दुखायला लागल्या."

खेळ तसा साधा. एकाने शब्दकोशातून कुणालाच ठाऊक नसलेला शब्द काढायचा. बाकीच्यांनी आपापल्या चिठ्ठीवर त्याचा खोटाच, पण खरा वाटेल असा अर्थ लिहायचा. मग त्यात खऱ्या अर्थाची चिठ्ठी मिसळून सगळ्या मोठ्याने वाचायच्या, आणि खरा कोणता ते ओळखायचं. ओळखला तर एक गुण, आणि आपल्या थापेला कुणी फसलं तर दर डोक्यामागे एक गुण. थोडक्यात, सभ्य माणसांनी घरात बसून, चहा पीत, राजरोस एकमेकांना बनवण्याची सोय.

हा खेळ घरात आणला वेलांटीरावांनीच. ते पाणीपुरवठ्याच्या कार्यालयात वरिष्ठ लिपिक होते आणि भाषा ही आपली खाजगी मालमत्ता आहे अशी त्यांची प्रामाणिक समजूत होती. इमारतीच्या फळ्यावर कुणी 'उद्या पाणि येणार नाही' असं लिहिलं, की ते खिशातला खडू काढून वेलांटी दीर्घ करत. पाणी यायचं नाही ते नाहीच, पण पाटी शुद्ध व्हायची. त्यावरून पडलेलं नाव इतकं चिकटलं होतं की साहेबसुद्धा त्यांना वेलांटीराव म्हणत, आणि पोस्टमनला त्यांचं खरं नाव शोधायला चार दारं ठोठावावी लागत.

अशा माणसाने या खेळात सगळ्यांना धूळ चारायला हवी. घडत होतं उलटंच. त्या दिवशीचा शब्द होता 'घडवंची'. बायकोने लिहिलं: घडी मोडलेल्या कपड्यावर पडणारी आडवी सुरकुती. पटापट मतं पडली. वेलांटीरावांचंही पडलं. दातांच्या डॉक्टरांचा अर्थ नेहमीप्रमाणे तोंडातच कुठेतरी होता, आणि तळमजल्यावरच्या कंट्रोलर आजोबांचा बसच्या शेवटच्या थांब्यावर. आजोबांनी सबंध नोकरी बसडेपोत काढली होती. त्यांच्या मते मराठीतला प्रत्येक शब्द डेपोतून सुटतो आणि डेपोतच परत येतो. वेलांटीरावांनी मात्र लिहिलं होतं: 'प्राचीन कालगणनेतील घटिकेचा एक सूक्ष्म उपविभाग, यावरून घडवंचीत, घडवंचीशः ही क्रियाविशेषणे.' लेकीला ठसका लागला तो 'घडवंचीशः'पाशी.

खरा अर्थ निघाला पाण्याची भांडी ठेवायची लाकडी घोडी.

"अहो, तुमचा अर्थ ऐकला की लगेच कळतं, चिठ्ठीच्या मागे कुणीतरी चष्मा लावून उभं आहे," बायको म्हणाली.

"खोटं बोलायला सराव लागतो," डॉक्टर कोचावर परत चढत म्हणाले. "मी रोज 'अजिबात दुखणार नाही' म्हणतो, ते काय उगाच जमतं? तुम्ही असं करा, खेळ चाललाय हे ज्याला ठाऊकच नाही, अशा कुणावर तरी एखादा अर्थ चालवून बघा. चेहरा सरळ ठेवायचा. एकदा जमलं की भीड चेपते."

सल्ला देऊन डॉक्टर आपल्या घरी गेले आणि शांत झोपले. सल्ला देणाऱ्यांचं हे एक बरं असतं.

सोमवारी निघताना वेलांटीरावांनी शब्दकोश मधेच उघडला आणि बोट ठेवलं. 'धांदोटी: फाटक्या कापडाची लांब चिंधी.' शब्द तोंडात घोळवून पाहिला. वजनदार होता. ऐकायला चिंधी मुळीच वाटत नव्हती. उलट एखाद्या जुन्या, कर्तबगार कारभाऱ्याने वापरावा असा वाटत होता.

आता कार्यालयात हा प्रयोग करायला माणसं काय कमी होती? पण वेलांटीरावांच्या समोर पहिले आले ते साहेब. साहेबांना सगळे पाठीमागे ठाऊकसाहेब म्हणत. जगात त्यांना ठाऊक नाही अशी गोष्ट नव्हती, निदान तसं त्यांनी कुणाला कधी कळू दिलं नव्हतं. एखाद्याने 'साहेब, खाली आग लागलीय' म्हणून सांगितलं असतं तरी ते 'ठाऊक आहे' म्हणून सही करत राहिले असते. शिवाय कार्यालयात अधीक्षकाची जागा रिकामी होती. तिच्यासाठी शिफारस साहेबांनी करायची होती, आणि वेलांटीराव त्या खुर्चीकडे येता-जाता असे बघत, जसं काही ती त्यांच्या घरचीच असून दुरुस्तीला दिली होती.

"साहेब," वेलांटीराव म्हणाले, "गळतीचे अहवाल मागवायचेत. पण अहवाल म्हटलं की लोक चाळीस-चाळीस पानं पाठवतात. त्यापेक्षा धांदोट्या मागवल्या तर?"

"काय मागवल्या तर?"

"धांदोट्या. जुन्या कारभारातला शब्द आहे. सबंध अहवालाचं सार एका पानात काढायचं, त्याला म्हणतात धांदोटी." चेहरा अगदी सरळ होता. आतून गुदगुल्या होत होत्या. साहेब 'असं का?' म्हणाले, की हसून खरं सांगायचं, असं त्यांनी ठरवलं होतं.

साहेबांनी पेन खाली ठेवलं, चष्मा काढला.

"वेलांटीराव, मला धांदोटी शिकवताय? अहो, मागच्या कार्यालयात आम्ही दर महिन्याला धांदोटी काढायचो. मी स्वतः तपासायचो."

वेलांटीरावांच्या गुदगुल्या जागच्या जागी थांबल्या. या उत्तराची सोय खेळाच्या नियमांत नव्हती. आता 'साहेब, तो शब्द म्हणजे चिंधी' असं म्हणायचं, तर साहेबांनी मागच्या कार्यालयात दर महिन्याला चिंध्या तपासल्या असा त्याचा अर्थ होत होता. ते तोंड उघडतात न उघडतात तोच साहेबांनी घंटी वाजवली आणि परिपत्रक तोंडी सांगायला सुरुवात केली. "उपरोक्त विषयाच्या अनुषंगाने सर्व विभागप्रमुखांना कळविण्यात येते की, त्यांनी आपापल्या विभागाची धांदोटी विनाविलंब सादर करावी." टंकलेखिका बाईंनी विचारलं, "धांदोटीतला 'टी' ऱ्हस्व का दीर्घ?" आणि वेलांटीरावांच्या तोंडून, सवयीने, ताबडतोब उत्तर गेलं. "दीर्घ."

परिपत्रक गेलं. आता निदान विभागप्रमुखांपैकी कुणीतरी फोन करून 'ही काय भानगड?' म्हणून विचारेल आणि गोष्ट हसण्यावारी जाईल, या आशेवर वेलांटीराव फोनशेजारी बसून राहिले. कुणी विचारलं नाही. अज्ञान हे सर्दीसारखं असतं. सगळ्यांना असतं, पण चारचौघांत नाक कोण शिंकरणार?

उत्तरं मात्र धडाधड आली. भांडार विभागाने कळवलं, 'आमची धांदोटी यापूर्वीच सादर केली असून तिची पोच आमच्या दप्तरी आहे.' लेखा विभागाने विचारलं, धांदोटी कच्ची हवी की पक्की? त्यावर साहेबांनी ठणकावून शेरा मारला, 'पक्की. कच्ची धांदोटी कोणाच्या उपयोगाची?' आस्थापना विभागाला ते एखादं पद वाटलं असावं, कारण त्यांनी लिहिलं, 'आमच्याकडील धांदोटी सेवानिवृत्त झाल्यापासून जागा रिक्त आहे.' आणि पाणी तपासणाऱ्या प्रयोगशाळेने सर्वांत छान काम केलं. त्यांनी शास्त्रोक्त दाखलाच पाठवला: 'शहराच्या पाण्यात धांदोटी आढळून आली नाही.'

घरी हे सांगितलं तेव्हा बायको हसता हसता खालीच बसली. मग उठली ती थेट शेजारी गेली, आणि पाहता पाहता दिवाणखान्यात सल्लागार मंडळ भरलं.

"किडलेला दात आणि असली भानगड, लगेच उपटावी," डॉक्टर म्हणाले. प्रकरण आपल्याच सल्ल्यामुळे झालंय याची त्यांना आठवणसुद्धा नव्हती. "उद्या सकाळी जाऊन सरळ सांगून टाका."

"मुळीच सांगू नका," कंट्रोलर आजोबा म्हणाले. "भलत्याच नंबरची पाटी लावून बस सुटली ना, की तिला परत बोलवायची नसते. पुढे प्रवासीच शिव्या घालत उतरतात आणि बस रिकामी होते. आम्ही असंच करायचो."

"म्हणूनच मी चालत जायचे," बायको म्हणाली.

"बाबा, त्यापेक्षा शब्दकोशवाल्यांनाच सांगा ना अर्थ बदलायला," लेक म्हणाली. तिच्या बोलण्यावर सगळे हसले. वेलांटीरावांनी मात्र शब्दकोशाचं पहिलं पान उघडून पत्ता आहे का, ते चोरून बघितलं.

शेवटी डॉक्टरांचं ऐकायचं ठरलं. सकाळी वेलांटीराव साहेबांच्या खोलीत गेले, दार लावून घेतलं आणि म्हणाले, "साहेब, त्या धांदोटीबद्दल एक सांगायचं होतं."

"ठाऊक आहे," साहेब म्हणाले. "तुमचं नाव घालायला हवं होतं, हेच ना? घातलंय. मुख्य कार्यालयाला कळवलंय मी, 'आमच्याकडील अभिनव धांदोटी पद्धत' म्हणून. संचालक बाई स्वतः बघायला येतायत. तुम्ही तेवढं सगळ्यांचं प्रशिक्षण घ्या."

आणि वेलांटीरावांनी प्रशिक्षण घेतलं! विभागप्रमुखांना समोर बसवून, हातात खडू घेऊन, धांदोटी कशी लिहावी यावर ते बोलले. पहिली काही वाक्यं चाचरत गेली, पण मग त्यांच्यातला भाषाप्रेमी जागा झाला आणि धांदोटीत विशेषणं का टाळावीत, क्रियापद कुठे असावं, गळती 'होते' म्हणावं की 'आढळते', यात ते इतके रंगले की मूळ चिंधीचा त्यांना विसर पडला. भांडारप्रमुखांनी मान डोलावत शेजाऱ्याला सांगितलं, "आमच्या वेळच्या धांदोट्या याहून बऱ्या असायच्या." तरी सगळ्या विभागांच्या एकपानी धांदोट्या आल्या, आणि साहेबांनी त्या आधीच्या उत्तरांसकट मुख्य कार्यालयाकडे रवाना केल्या. पेंटरने दारावर 'धांदोटि कक्ष' अशी पाटी रंगवली, तेव्हा वेलांटीरावांच्या अंगाचा तिळपापड झाला. "अहो, निदान शुद्ध तरी लिहा!" असं ओरडून त्यांनी उभं राहून ती दुरुस्त करून घेतली. माणूस स्वतःच्या फासाचा दोरसुद्धा नीट वळलेला आहे का बघतो, ते असं.

संचालक बाई आल्या. बुटक्या, केस पिकलेल्या, आणि आवाज इतका हळू की ऐकण्यासाठी सगळ्यांना आपोआप पुढे झुकून, म्हणजे वाकून बसावं लागे. साहेबांनी धांदोटी पद्धतीची परंपरा, महत्त्व आणि भवितव्य यांवर भाषण केलं. बाईंनी सगळं ऐकून घेतलं. मग पर्समधून चष्मा काढला, मोबाइल काढला.

"मला हा शब्द माहीत नव्हता," त्या म्हणाल्या. कार्यालयात हे वाक्य बहुधा पहिल्यांदाच उच्चारलं गेलं असावं, कारण सगळ्यांनी दचकून वर पाहिलं. "म्हणून येताना गाडीत शब्दकोश उघडला. धांदोटी. फाटक्या कापडाची लांब चिंधी."

लेखाप्रमुखांना एकाएकी आपल्या बुटाची नाडी सुटल्याचं आठवलं आणि ते टेबलाखाली गेले. साहेबांचा चेहरा आधी लाल झाला, मग पांढरा.

"हा शब्द कोणी आणला?" बाईंनी हळू आवाजात विचारलं.

साहेब आता बोट दाखवणार, अधीक्षकाची खुर्ची तर गेलीच, बसलोय ती राहते की नाही, असा हिशोब वेलांटीरावांच्या डोक्यात चालू असतानाच साहेब उठून उभे राहिले.

"मी आणला, मॅडम," साहेब म्हणाले. "परिपत्रकावर सही माझी आहे. अर्थ बघायला हवा होता. बघितला नाही."

असं काही होईल याची वेलांटीरावांनी कल्पनाच केली नव्हती. ज्या माणसाची ते इतकी वर्षं पाठीमागे नक्कल करत होते, तो सगळ्यांसमोर मान खाली घालून उभा होता, तोही दुसऱ्याच्या थापेपायी. गप्प बसलं असतं तर निभावलंही असतं. पण पाय उठले.

"नाही मॅडम. मी आणला." आणि मग त्यांनी रविवारचा खेळ, न पडलेली मतं, डॉक्टरांचा सल्ला, सगळं सांगून टाकलं. साहेबांनी ठाऊक असल्याचं सांगितलं होतं, तेवढं मात्र वगळलं. "साहेबांनी माझ्यावर विश्वास ठेवला," असं म्हणाले. साहेबांनी एकदा त्यांच्याकडे बघितलं आणि पुन्हा टेबलाकडे.

"आणि बाकी कुणालाच शंका आली नाही?" बाई म्हणाल्या.

"आली होती," भांडारप्रमुख पुटपुटले. "पण म्हटलं, बाकीच्यांना ठाऊक असेल."

"तुमच्याकडे तर पोच होती ना?"

"पोच आहे, मॅडम. कशाची आहे ते बघावं लागेल."

टेबलाखालून पहिल्यांदा हसू फुटलं, लेखाप्रमुखांचं. मग आवरेना. प्रयोगशाळेच्या बाई म्हणाल्या, "पण आमचा दाखला खोटा नाहीये हं, पाण्यात खरंच चिंध्या सापडल्या नाहीत." मग मात्र संचालक बाईंनीही चष्मा काढून डोळे पुसले.

"चाळीस पानी अहवाल मी आजवर एकही शेवटपर्यंत वाचलेला नाही," त्या म्हणाल्या. "तुमच्या या चिंध्या मात्र सगळ्या वाचल्या. गळती कुठे आहे ते पहिल्यांदा कळलं. पद्धत राहू दे, नाव तेवढं बदला." मग घड्याळाकडे बघून म्हणाल्या, "गाडीला वेळ आहे. तो खेळ कसा खेळतात ते दाखवा बघू."

अशा रीतीने सरकारी बैठकीत, सरकारी कागदाच्या चिठ्ठ्या फाडून, एक डाव झाला. बाईंच्या मदतनीसाने मोबाइलवरच्या शब्दकोशातून शब्द दिला, 'सरपोस'. चिठ्ठ्या गोळा करून त्यानेच वाचल्या. एक अर्थ असा होता: 'महत्त्वाचा खलिता घेऊन जाणाऱ्याला पुढच्या ठाण्यावर दाखवण्यासाठी दिलेली खूण.' झाडून सगळे त्यालाच फसले. मोबाइल मदतनीसाकडे देऊन स्वतः खेळायला बसलेल्या संचालक बाईही फसल्या. खरा अर्थ, ताटावर झाकायचं झाकण, बिचारा एकटा पडला. फसवणारी चिठ्ठी साहेबांची होती. ठाऊक नसलेल्या गोष्टीवर शांत चेहऱ्याने बोलण्याचा सराव साहेबांनी आयुष्यभर केला होता. त्याला योग्य मैदान तेवढं आज मिळालं. वेलांटीरावांच्या 'सरपोसतः'ला कुणीही मत दिलं नाही.

पुढे नाव बदलण्याचं त्रांगडं झालं. शब्द मागे घ्यायचा तर परिपत्रक काढायला हवं, परिपत्रकात कारण द्यायला हवं, आणि कारणाखाली सही करायला कुणी तयार होईना. शेवटी 'जेथे जेथे धांदोटी असा उल्लेख असेल तेथे तेथे एकपानी असे वाचावे' एवढंच निघालं. अधीक्षकाची जागा भांडारप्रमुखांना मिळाली. ज्याच्याकडे पोच असते त्याला काहीही मिळतं. वेलांटीराव तो आदेश वाचून घरी आले आणि जेवायला बसले. बायकोने त्या दिवशी एकदाही थट्टा केली नाही. ताटात वाढताना म्हणाली, "उभे राहिलात ना, ते बरं केलंत," आणि आणखी भात वाढला.

दुसऱ्या दिवशी कार्यालय सुटल्यावर साहेब फाटकापाशी थांबले होते. वेलांटीराव दिसताच बरोबर चालू लागले.

"साहेब, रविवारी घरी या," वेलांटीराव म्हणाले. "खेळायला. आमच्या हिला हरवणारं कुणी नाहीये."

"येईन." साहेब आणखी चार पावलं चालले. इकडेतिकडे पाहिलं. मग आवाज खाली आणून म्हणाले, "वेलांटीराव, एक विचारू? कुणाला सांगायचं नाही."

"विचारा ना."

"ते 'अनुषंगाने' म्हणजे नक्की काय हो? सगळी नौकरी गेली लिहिण्यात."

वेलांटीरावांनी उत्तर द्यायला तोंड उघडलं. 'नोकरी, साहेब, नौकरी नव्हे', एवढंच जिभेवर आलं. ते त्यांनी परत आत ढकललं. बाकी काहीच येईना. हा शब्द त्यांनी हजारदा शुद्ध लिहिला होता, दुसऱ्यांचा अशुद्ध काढला होता, त्यातल्या अनुस्वारावरून एकदा भांडणही केलं होतं.

"मलाही ठाऊक नाही, साहेब," ते म्हणाले. "म्हणजे ते आपलं... ओघाने येतं. घरी शब्दकोश आहे. बघून सांगतो उद्या."

साहेबांनी घाईघाईने त्यांचा हात धरला.

"नको, नको," ते म्हणाले. "एकदा अर्थ कळला की लिहिता यायचं नाही."